पाचव्या मॉड्यूलची खुर्ची

नवनगरच्या पुढं, हुबळी-धारवाड रस्त्याला लागून एका संस्थेचं मोठं आवार होतं. आवार एक, कॉलेजं तीन: मॅनेजमेंटचं, कायद्याचं आणि इंजिनिअरिंगचं. कॅन्टीनही एकच होतं, पण टेबलं वाटून घेतलेली. मॅनेजमेंटवाले टाय सावरत खिडकीशी बसत, इंजिनिअरिंगवाले पंख्याखाली, आणि कायदेवाले जिथं जागा मिळेल तिथं बसून वाद घालत. एकमेकांविषयी प्रत्येकाचं मत पक्कं झालेलं होतं आणि ते बदलावं असं इतक्या वर्षांत कुणाला वाटलं नव्हतं.

वाटलं ते प्रीती शिंगेला. ती कायद्याच्या कॉलेजात लेक्चरर होती. दोन हजार साली कॉम्प्युटरवरच्या व्यवहारांचा नवा कायदा आला तेव्हा तिनं तो वर्गात शिकवायला घेतला, आणि पहिल्याच दिवशी गाडं अडलं. तिच्या मुलांना कलमं पाठ होती, पण ई-मेल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातो कसा हे ठाऊक नव्हतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना तो कसा जातो हे ठाऊक होतं, पण गेलेल्या ई-मेलनं माणूस करारात अडकतो याचा पत्ता नव्हता. आणि मॅनेजमेंटच्या मुलांना वाटत होतं की ही दोन्ही कामं करायला आपण पुढं माणसं ठेवणारच आहोत, मग आपण कशाला डोकं शिणवायचं.

म्हणून तिनं तिन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक ऐच्छिक पेपर लिहून काढला: व्यवसाय, कायदा आणि तंत्रज्ञान. त्याची पाच मॉड्यूलं केली. पहिली दोन तंत्रज्ञानाची, तिसरं कायद्याचं, चौथं मॅनेजमेंटचं. पाचव्यात एक खराखुरा व्यवहार घ्यायचा आणि तिन्ही बाजूंनी तो उलगडायचा. तिच्या लेखी तेच मॉड्यूल पेपरचा जीव होतं, बाकीची चार त्याच्या तयारीसाठी. कायद्याच्या बाईंना कशाला हव्यात नसत्या उचापती, असं कॅन्टीनच्या तिन्ही टेबलांवर एकमतानं ठरलं. तिन्ही टेबलांचं एकमत व्हायची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

विद्यापीठात ते घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं. शेवटी मंजुरी आली, पण एकाच वर्षापुरती. परीक्षा झाल्यावर समिती उत्तरपत्रिका बघणार, शिकवणाऱ्यांना बोलावणार आणि पेपर ठेवायचा की काढायचा ते ठरवणार. छापील सिलॅबसच्या तळाशी बारीक अक्षरात मसुदा लिहिणारीचं नाव होतं. गदग रोडला रेल्वे वर्कशॉपच्या मागं जी वस्ती आहे, तिथल्या कुणाचंही नाव आजवर विद्यापीठाच्या कागदावर असं आलेलं नव्हतं. प्रीतीनं तो कागद घरी नेला तेव्हा तिच्या वडिलांनी, वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालेल्या सिद्रामअप्पांनी, चष्मा पुसून तो सावकाश वाचला आणि विचारलं, ह्या पाचव्यात काय असतंय? शाबास हा शब्द अप्पांच्या तोंडी नव्हताच. पोरांना लहानपणीही कधी मिळाला नाही, मग आता कुठून मिळणार.

पेपर सुरू झाला. तंत्रज्ञान शिकवायला लक्ष्मण हिरेमठ होता. तारिहाळच्या एका कारखान्यात काही वर्षं काढून तो शिकवायला आलेला, प्रीतीहून लहान, तिला अक्का म्हणणारा. मॅनेजमेंटचं मॉड्यूल डॉ. प्रभंजन कट्टींकडं होतं. कट्टी धारवाडचे, विभागप्रमुख, केस पांढरे झालेले, वागायला अत्यंत सभ्य. मराठी छान बोलत, फक्त प्रत्येक वाक्याला कन्नडातला आदराचा 'री' लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कायदा अर्थात प्रीतीकडं. तिघांचे वर्ग तीन इमारतींत, तीन टाइमटेबलांत. पाचव्या मॉड्यूलपुढं टाइमटेबलात 'संयुक्त' असं लिहिलेलं होतं. त्यापुढं नाव मात्र कुणाचंच नव्हतं.

आणि तिथंच घोटाळा झाला. परीक्षा सुरू झाल्या, या पेपरला आठवडा उरला, तेव्हा इंजिनिअरिंगची मनीषा स्टाफरूमच्या दारात आली. धारवाडच्या सुभाष रोडवर तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. मुलगी चुणचुणीत, पण त्या दिवशी अवघडलेली. पाचव्या मॉड्यूलच्या नोट्स कुणाकडं मिळतील, असं तिनं विचारलं. कट्टी सरांनी शिकवलं ना, असं प्रीती म्हणाली. मनीषानं नकारार्थी मान हलवली. मग हिरेमठ सरांनी? तिनं पुन्हा मान हलवली. ते कुणीच शिकवलं नव्हतं.

अर्ध्या तासात तिघं एका टेबलाशी बसले होते, आणि कुणाचं तोंड बघण्यासारखं नव्हतं. लक्ष्मणला वाटलं होतं की अक्का आणि सर वडीलधारे आहेत, शेवटचं ते बघतील. प्रीतीला वाटलं होतं की समारोप सगळ्यांत ज्येष्ठ माणसानं करायचा असतो, तो कट्टी सरांचा मान. हे झालं वरवरचं. खरं सांगायचं तर, पुढं पुढं करते असं कुणी म्हणेल या भीतीनं ती जन्मभर एक पाऊल मागं उभी राहत आली होती, आणि इथंही सवयीनं राहिली. कट्टी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाचवं तुमचं री, मॅडम," ते म्हणाले. "सिलॅबस तुम्ही लिहिलात. मी हात घातला असता तर लोक म्हणाले असते, लिहिलं शिंगे बाईंनी आणि मिरवलं कट्टींनी. आमच्यासारख्यांनी आजवर असं पुष्कळ केलंय. मला ते करायचं नव्हतं री."

प्रीतीला राग यायला हवा होता. पण तिला राग आला तो स्वतःचाच. तीन शहाण्यासुरत्या माणसांनी एकमेकांना इतका मान दिला की पोरांना शिकवायला कुणी उरलंच नाही. त्या मॉड्यूलवरचा प्रश्न सक्तीचा होता. मुलांनी तो कोरा सोडला असता तर समितीला पेपर काढून टाकायला दुसरं कारण शोधावं लागलं नसतं. ज्या मॉड्यूलसाठी सगळा खटाटोप, तेच पोरकं राहिलं होतं.

शिकवायचं तर जागा नव्हती. वर्गांत परीक्षेचे नंबर चिकटवून खोल्या बंद केलेल्या, आणि या कामासाठी प्राचार्यांकडं किल्ली मागायची म्हणजे झालेला पराक्रम आपल्या तोंडानं सांगायचा. संध्याकाळी प्रीती घरी गेली आणि न जेवताच भिंतीला टेकून बसली. आई कृष्णाबाईनं ताट झाकून ठेवलं. अप्पांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. अप्पा चिडतील असं तिला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मग हॉल हाय की आपला."

वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये अप्पांचा अभ्यासवर्ग प्रीतीच्या लहानपणापासून चालत आला होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली सतरंज्या, आणि समोर एकच खुर्ची. सागवानी, वेताच्या बैठकीची. अप्पांनी ती वर्कशॉपच्या भंगारातून आणून स्वतः विणली होती. साहेब आला की उभं राहायचं आणि साहेब बसल्यावरही उभंच राहायचं, यात अप्पांचं अर्धं आयुष्य गेलेलं. म्हणून या हॉलचा त्यांनी एक कायदा केला होता. ज्याला काही नवं समजलंय त्यानं उभं राहून सगळ्यांना ते सांगायचं. ज्याला कळलं नाही त्यानं हात वर करायचा, त्यात लाज नाही. एक जरी हात वर असला तरी सांगणाऱ्यानं थांबायचं नाही. शेवटचा हात खाली गेला की सांगणारा त्या संध्याकाळपुरता खुर्चीवर बसणार. पानं अन्न कशी तयार करतात हे सांगून प्रीती पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीसेक पोरं विचारत विचारत वस्तीत आली. कॉलेजची पोरं आली म्हटल्यावर वस्तीतल्या बायका, वर्कशॉपातून सुटलेली माणसं, म्हातारेकोतारे नेहमीसारखे मागं येऊन बसले. तो त्यांचाच वर्ग होता, त्यांना उठवणार कोण. लक्ष्मण मोटारसायकलवरून आला. कट्टी सर रिक्षातून उतरले आणि गल्लीकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. तीस वर्षं ते गदग रोडनं जात-येत होते, पण या गल्लीत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

प्रीतीनं घाईघाईनं खुर्ची त्यांच्यापुढं सरकवली. अप्पांनी तिचा हात धरला.

"खुर्ची हाय साहेब, पण ती अजून कुणाची नाही," अप्पा म्हणाले. "इथं वयानं मिळत नाही, हुद्द्यानंबी मिळत नाही. सगळ्यांना कळंल असं जो सांगंल, तो बसणार."

प्रीतीची कानशिलं तापली. विभागप्रमुखाला हे बोलणं म्हणजे उद्या कॅन्टीनच्या तिन्ही टेबलांना मेजवानीच. कट्टी सरांनी अप्पांकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं. मग बूट काढून नीट भिंतीशी ठेवले, पँट गुडघ्याशी जरा वर ओढली आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. त्यांचा गुडघा कडकन वाजला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

व्यवहार प्रीतीनं साधाच घेतला होता. तारिहाळचा एक कारखाना कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून ई-मेलनं माल मागवतो. माल येतो, आणि मालक म्हणतो, ती ऑर्डर मी दिलीच नाही. आता तोटा कुणी सोसायचा? आधी कट्टी सर उठले आणि सुंदर बोलले. मागचे सगळे हात वर. मग लक्ष्मणनं फळ्यावर कॉम्प्युटर, तारा आणि बाण काढले. हात तसेच वर. प्रीती मनात म्हणाली, हे तर माझं घर, इथं मी जिंकणार. तिनं कायदा सांगितला, प्रस्ताव सांगितला, स्वीकृती सांगितली. तरी हात खाली येईनात, आणि मागच्यांत सगळ्यांत पुढं हात वर करून बसली होती तिची सख्खी आई. कृष्णाबाईला लेकीची दयामाया काही आली नाही.

मग ते तिघं एकमेकांत अडकले. मालकानं पैसे द्यायलाच हवेत, असं प्रीती म्हणाली. लक्ष्मण म्हणाला, "नाही अक्का, तसं नाही. मेल त्याच्या कॉम्प्युटरवरून गेला एवढंच कळतंय, त्यानंच पाठवला हे कशावरून?" वर्षभरात तो तिला पहिल्यांदाच नाही म्हणाला होता. कट्टी सर मध्येच उठले, कोर्टात जाणाऱ्या व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी तो कारखाना पुन्हा दारात उभा करेल काय री, असं त्यांनी विचारलं. प्रीतीनं त्यांचा मुद्दा तिथल्या तिथं खोडला. लक्ष्मणनं दोघांचा खोडला. आवाज चढले, कन्नड-मराठी-इंग्रजी सगळं एकत्र झालं, सर आणि मॅडम कुठल्या कुठं गेलं. पोरं आ वासून बघत होती, आणि बघता बघता भराभर लिहायला लागली. कॉलेजात कुणी त्यांना असं काही दाखवलंच नव्हतं.

त्या कल्लोळात मनीषा उठून उभी राहिली.

"मी सांगू का?" ती म्हणाली. "आमच्या दुकानात फोनवर ऑर्डर येती. वडील आवाज ओळखतात, म्हणून माल देतात. ई-मेलला आवाज नसतोय. म्हणून तो आवाज कुणाचा हे हिरेमठ सरांनी शोधून द्यायचं. आवाज त्याचाच निघाला तर तो शब्दाला बांधला गेला, हे शिंगे मॅडमनी सांगायचं. आणि बांधला गेला तरी त्याला किती ओढायचं, उद्या तो परत आपल्या दुकानाची पायरी चढंल काय, हे कट्टी सरांनी बघायचं. एकाला सोडून दुसऱ्याचं काम होत नाही."

मागं एकेक हात खाली जाऊ लागला. मनीषानं तेच कन्नडात सांगितलं, तेव्हा आणखी काही गेले. सगळ्यांत शेवटी कृष्णाबाईचा हात उरला. तिनं विचारलं, आवाज दुसऱ्याच कुणी चोरला असला तर? मनीषानं तेही सांगितलं, म्हणूनच आधी हिरेमठ सर, बाकीचे मागनं. कृष्णाबाईनं हात खाली घेतला आणि पदर सारखा केला.

मनीषा खुर्चीवर बसली. तिच्यासमोर सतरंजीवर तीन कॉलेजांचे तीन शिक्षक बसले होते, आणि टाळ्या वाजवण्यात कट्टी सर सगळ्यांच्या पुढं होते. मग अप्पा म्हणाले की अजून बाकीची पोरं हायत. त्यानंतर एकेका पोरानं आपापल्या घरचा व्यवहार घेऊन तोच प्रश्न सोडवून दाखवला. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं मेडिकल, कुणाच्या मामाचा ट्रक. प्रीती ऐकत राहिली. आपण कागदावर लिहिलं होतं ते असं होतं तर, असं तिला वाटलं.

परीक्षा झाली. पावसाळा लागल्यावर धारवाडला समितीचं बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पलीकडं सहा सदस्य, आणि अलीकडं उत्तर देणाऱ्यासाठी एक खुर्ची. बाकीच्यांसाठी भिंतीला लागून बाक होता. अध्यक्षांनी कट्टी सरांना ओळखलं आणि हसून त्या खुर्चीकडं हात केला.

कट्टी सर जागचे हलले नाहीत. "खुर्ची मॅडमची री," ते म्हणाले, आणि लक्ष्मणला घेऊन बाकावर जाऊन बसले.

'नाही सर, तुम्हीच' हे शब्द प्रीतीच्या जिभेवर येऊन उभे होते. आयुष्यभर ते तिच्या जिभेवर तयारच असत. तिनं ते गिळले. पुढं गेली, खुर्ची ओढली आणि बसली.

अध्यक्षांनी लगेच मुद्द्याला हात घातला. चार मॉड्यूलांची उत्तरं नेहमीसारखीच आहेत, बरी-वाईट. पाचव्याची मात्र एकासारखी दुसरी नाही. कुणी गिरणीचं लिहितो, कुणी ट्रकचं, पुस्तकातलं एक वाक्य नाही, आणि तरी उत्तरं बरोबर. ही काय भानगड आहे? पाचवं मॉड्यूल नेमकं शिकवलं कुणी?

आम्ही तिघांनी मिळून व्यवस्थित शिकवलं, एवढं म्हणून सुटता आलं असतं. प्रीतीनं सुटायचं नाही असं ठरवलं. सबंध वर्ष ते कुणीच शिकवलं नाही, असं तिनं सांगितलं, आणि एका सदस्यानं पेन खाली ठेवलं. मग तिघांनी एकमेकांना दिलेला मान, बंद वर्ग, हॉल, सतरंजी, भांडण, मनीषाचा आवाज, सगळं तिनं क्रमानं सांगितलं. कुठं लपवलं नाही, कुठं रंगवलं नाही. बोलणं संपलं तेव्हा टेबलापलीकडचे सदस्य पुन्हा सिलॅबसचे कागद चाळू लागले. ते गोंधळलेले चेहरे बघून प्रीतीला अचानक विहाराचा हॉल आठवला आणि तिची भीती पार गेली.

"ज्यांना कळलं नसेल त्यांनी हात वर करा," ती म्हणाली. "त्यात लाज नाही. मी पुन्हा सांगते."

लक्ष्मणनं बाकावर डोळे मिटून घेतले. सहा विद्वान एकमेकांकडं बघू लागले. अखेर टोकाला बसलेल्या सगळ्यांत वयस्कर सदस्यांनी, जरा संकोचत, हात वर केला. तीन माणसं एका वर्गात वाद घालतात तर पोरांना त्यातलं खरं कोणतं हे कसं कळणार, एवढंच त्यांना कळलं नव्हतं. प्रीतीनं त्यांना मनीषाच्या वडिलांच्या दुकानात नेलं, फोन उचलायला लावला, आवाज ओळखायला लावला. अर्ध्यावरच म्हातारबुवांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी हात खाली घेतला.

पेपर कायम झाला. समितीनं त्यात एकच दुरुस्ती केली: पाचवं मॉड्यूल तिन्ही शिक्षकांनी एकाच वर्गात, एकाच वेळी शिकवायचं.

प्रीती घरी आली तेव्हा अप्पा अंगणात हॉलची खुर्ची उलटी धरून तिचा सैल झालेला वेत ओढत बसले होते. कृष्णाबाई दारात आली. पेपर राहिला काय, असं अप्पांनी विचारलंच नाही. मान वर न करता ते म्हणाले, "खुर्ची कुणाला मिळाली?"

"मला, अप्पा."

अप्पांचे हात थांबले. त्यांनी खुर्ची सरळ करून जमिनीवर ठेवली. मग पायात चपलाही न घालता ते बाहेर पडले. आपल्या प्रीतीला विद्यापीठात खुर्ची मिळाली, हे त्यांनी गल्लीतल्या ज्याला त्याला थांबवून सांगितलं, आणि ज्याला कळलं नाही त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.